उजेडातलं आठवं वळण

१

भूतबंगला अंधारातच बरा. ट्यूबलाइट लावल्या की तो बघवत नाही. हडळीचे नायलॉनचे केस दिसतात, सांगाड्याच्या बरगड्यांना मारलेले तारेचे पीळ दिसतात, कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या दिसतात. तरी रोज सकाळी नऊ वाजता सगळे लाईट लावून एक फेरी मारायची, हा आमच्या हौशीरामनानांचा नियम. वारूळवाडीच्या शिवारात हायवेला लागून नानांची चार एकर द्राक्षबाग होती. ती काढून त्यांनी पार्क टाकलं. पोहायचा तलाव, झोके, मिसळ, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये हा भूतबंगला. रुळावरून दोघादोघांच्या गाड्या आत जातात, सात वळणं घेतात, प्रत्येक वळणावर एक भूत, आणि साडेतीन मिनिटांत दुसऱ्या दारानं बाहेर. तो मी चालवतो. माझं नाव सोमनाथ. दारापाशी पॅनल आहे, त्यावर हिरवं बटण दाबून गाडी सोडायची. माणसं मोजून आत घालायची आणि मोजून बाहेर काढायची. दोन वर्षं हेच काम.

सात भुतांत एक बिबट्या आहे. नानांनी गुजरातेतून जुना माल आणला त्यात तो नव्हता, मागून घालून घेतला. हडळीला बघून हसणारी आमच्याकडची माणसं त्या कापसाच्या बिबट्यापुढं आली की किंचाळतात. खरा कुठल्या तरी उसात बसलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळची फेरी मी एकटाच मारायचो, मान खाली घालून. बटण दाबायचं, हळूहळू सरकणाऱ्या गाडीत चढून बसायचं, आणि रूळ बघत जायचं. कुठं बोल्ट सैल झालाय, कुठं पिन निघालीय. वर काय बघायचं? भुतं कुठं पळून जाणार होती?

पहिल्याच आठवड्यात या फेरीत माझ्या चपला गेल्या. फेरी मारून उतरलो तर पाय मोकळे. बसताना काढल्या असतील, कुत्र्यानं नेल्या असतील, असं म्हणून अनवाणीच घरी गेलो. अंजना, माझी बायको, दोन दिवस हसत होती. "भुतानं नेल्या व्हय?" म्हणायची. मग चिडली, कारण चपलेचा तुटलेला अंगठा तिनं आठच दिवसांपूर्वी हिरव्या सुतळीनं शिवून दिला होता.

२

अंजनाचं तोंड तिखट आहे. चौदा वर्षांच्या संसारात मला उठताबसता बोलणी खायची सवय झालेली. पार्कच्या मागं, जनरेटरशेजारी, नानांनी आम्हाला पत्र्याची एक खोली दिलीय. त्या खोलीवरून बोलणी, पगारावरून बोलणी, आणि दोन वर्षांपासून चहावरून.

"पहिलं तुमी बिनसाखरेचा प्यायचा," ती म्हणायची. "आता नुसता पाक लागतोय. या कामाला लागल्यापासून लई बदललात. गाणं म्हणायचा, त्येबी गेलं."

"कामावर जायचं का गाणी म्हणत बसायचं?"

"दोनी करायचा की पहिलं."

भुतांचे कपडे तीच धुते, तीच शिवते. मी काढून आणायचो, ती घरी शिवायची. पण मागच्या महिन्यात बिबट्याचं पोट उसवलं आणि बिबट्या काही काढून आणता येईना. म्हणून एका सोमवारी, पार्क बंद असतो तेव्हा, ती सुईदोरा घेऊन पहिल्यांदा माझ्याबरोबर गाडीत बसली. लाईट लावलेले होते. सहाव्या वळणावर उतरून तिनं बिबट्या शिवला, मी गाडी दाबून धरली. मग पुढं निघालो. मी मान खाली घालून रूळ बघत होतो.

"ही खोली कशाला रिकामी ठेवलीय?" ती म्हणाली.

"कुठली खोली?"

"डोळं हायेत का बटणं? ही काय."

मी मान वर केली. बिबट्याच्या पुढं रूळ डावीकडं वळला होता, आणि त्या वळणावर भूत नव्हतं. एक उंबरा होता. चांगला दगडी. उंबऱ्याच्या आत लहानशी खोली, चुन्यानं सारवल्यासारखी पांढरी. जमिनीवर ऊन पडलेलं. चौकोनी ऊन, खिडकीतून पडतं तसं.

गाडी पुढं गेली. सातवं भूत आलं, ते पेटीतलं प्रेत, आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या शेडला एकही खिडकी नाही.

३

आता मी काही खुळा नाही. ओतूरला बारावी केलीय. पहिला विचार आला तो पत्रा सरकल्याचा. पत्रा सरकला, ऊन आत आलं, आणि मागं सामान ठेवायची जागा दिसली. शेडला बाहेरून दोन चकरा मारल्या. पत्रा जागच्या जागी होता, बोल्ट गंजलेले होते. जिथं ती खोली यायला पाहिजे तिथं बाहेर नानांचा पाण्याचा टँकर उभा होता, आणि शेड अन् टँकर यांच्यामध्ये माझा हातसुद्धा जाईना.

मग लाईट घालवून एक फेरी मारली. अंधारात वळणं अंगाला कळतात, बघावं लागत नाही. डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं, डावं. सात. साडेतीन मिनिटं. मग लाईट लावले आणि परत गेलो. आठ. मोबाइलवर वेळ लावली होती, चार मिनिटं दहा सेकंद. मोटार तीच, रूळ तेच. तीनदा फेरी मारली आणि तिन्ही वेळा तेच झालं.

मोजण्यात माझी चूक व्हायची नाही. आमचं घर मेंढरांवालं. माझे वडील गेणभाऊ दोनशे मेंढरं घेऊन रानोरान फिरायचे. संध्याकाळी वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. त्याला एकच अरुंद फट ठेवायची आणि त्यातून एकेक मेंढरू आत सोडताना मोजायचं. हे काम माझं. आकडा जुळला की मी जेवायला मोकळा. पण वडील म्हणायचे, "आता आत जा आन् तोंडं बघ." मी टाळायचो. मोजून झाल्यावर तोंडं कशाला बघायची? एकदा आकडा बरोबर आला, आणि सकाळी कळलं की आमची एक मेंढी मागं राहिलीय आणि दुसऱ्या कुणाची तरी आमच्यात शिरलीय. त्या दिवशी वडिलांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच.

४

त्या आठवड्यात अंजना दुसरं काही बोलेना.

"चुना कसा दिला व्हता बघितला? एक पोपडा न्हाई."

"अंजे, तिथं खोली न्हाई. मी बाहेरनं बघून आलोय."

"मग आत काय व्हतं?"

"ते मला ठावं न्हाई. म्हणूनच म्हणतोय, त्या बाजूला बघू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचंही घर मेंढरांवालं. लग्न होईस्तोवर तिनं चार भिंती बघितल्या नव्हत्या. आज या शेतात तीन दगडांची चूल, आठ दिवसांनी त्या शेतात. माझ्याशी लग्न केलं ते घर मिळेल म्हणून, असं ती भांडताना नेहमी म्हणायची. आणि मी तिला दिलं काय, तर जनरेटरशेजारचा पत्रा. खोलीला उंबरासुद्धा नाही, पावसाळ्यात सरळ पाणी आत येतं.

"त्याला उंबरा हाय," ती म्हणाली. एवढंच. भांडली नाही, आवाज चढवला नाही, तेव्हाच मला लई भ्या वाटलं.

मी नानांना सांगावं म्हटलं, पण सांगणार काय? लाईट लावल्यावर एक वळण जास्त येतंय, असं? त्यांनी मला दवाखान्यात नेलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझंच मन मला सांगत होतं की तुझं डोकं फिरलंय, मोबाइलचं घड्याळ बिघडलंय, काहीही असेल, तू नीट झोप. झोप येत नव्हती. जेवताना उठून उभा राहायचो. अंजना म्हणायची, बसा की एका जागी, ढुंगणाला काय काटं लागल्यात.

पुढच्या सोमवारी मोटार घरघर करायला लागली. मी पॅनलपाशी खोलून बसलो होतो. अंजना झाडू आणि सुईदोरा घेऊन आली.

"हडळीचा पदर फाटलाय. जाऊन येते."

"थांब, मी येतो."

"तुमी मोटार बघा. मी काय कुक्कुलं बाळ हाय? आन् लाईट लावा, मला अंधारात जमत न्हाई."

मोटारीला जवळ माणूस पाहिजे होता, हे खरं. आणि हडळ तिसऱ्या वळणावर, ती खोली लई पुढं. मी लाईट लावले आणि बटण दाबलं. ती आत जाताना पाठमोरी दिसली. पायात निळ्या पट्ट्यांची चप्पल होती.

५

गाडी तिसऱ्या वळणावर थांबवून ठेवायची होती. तिनं हाक मारली की मी बटण दाबणार, असं ठरलं होतं. मी थांबवली. दहा मिनिटांनी आतून "सोडा" असा आवाज आला. मी सोडली. गाडी बाहेर यायला फार वेळ लागला. मी घड्याळ बघितलं नाही, बघायचं नव्हतं. मग दार ढकललं गेलं आणि गाडी आली. अंजना बसलेली होती, मांडीवर झाडू.

एक गेली, एक आली. माझा जीव भांड्यात पडला. मी मोटार बंद केली.

ती उतरली तेव्हा बघितलं, पाय अनवाणी.

"चपला?"

"राहिल्या आत."

"मग आणायच्या ना."

"राहू द्या," ती म्हणाली आणि घराकडं चालायला लागली. मधल्या रस्त्याला खडी टाकलीय. खडीवरून ती चपला घातल्यासारखी चालली.

घरी गेल्यावर तिनं आगपेटी शोधली. आगपेटी चौदा वर्षं एकाच जागी असते, चुलीच्या डाव्या हाताला, डब्याच्या झाकणावर. तिनं आधी फळीवर बघितलं, मग खिडकीत बघितलं. मी म्हटलं, दमली असेल. बायामाणसांना बीपीनं असं होतं, नानांच्या वहिनींनाही झालेलं. तिनं चहा केला. लई गोड केला. साखरेवरून काही बोलली नाही.

दिवसभर बोललीच नाही. म्हणजे बोलली, पण गोड. जेवा, बसा, दमला असाल. संध्याकाळी जनरेटर सुरू झाला, सगळा पत्रा थरथरायला लागला, आणि मी वाट बघत राहिलो की आता ही नानांच्या सात पिढ्या काढणार. ती हसून म्हणाली, "असू दे, सवय हुईल."

सवय होईल. दोन वर्षं त्या जनरेटरशेजारी राहिलेली बाई म्हणते, सवय होईल.

चौदा वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता होती, आणि मला अंजनाची बोलणी पाहिजे होती. लहान पोरासारखं रडायला येत होतं. पण मन परत तेच म्हणायचं, एक गेली, एक आली, आकडा जुळलाय, आता तुला काय पाहिजे?

वडिलांनी काय सांगितलं होतं ते मला पहाटे आठवलं. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस मात्र झालं नाही.

६

मंगळवारी नऊला मी सगळे लाईट लावले, बटण दाबलं आणि गाडीत चढलो. मान वर.

हडळीचा पदर शिवलेला होता. टाके अंजनाचेच, बारीक, एकाला एक लागून. म्हणजे तिसऱ्या वळणापर्यंत ती तीच होती. बिबट्या गेला. गाडी डावीकडं वळली.

उंबरा आला. खोलीला आता दार होतं, अर्धं लोटलेलं. दाराबाहेर चपला काढून ठेवलेल्या होत्या, घराबाहेर ठेवतात तशा, ओळीनं. निळ्या पट्ट्यांची तिची. आणि तिच्या शेजारी पुरुषाच्या चामडी चपला, जुन्या, टाचेला झिजलेल्या. उजवीचा अंगठा हिरव्या सुतळीनं शिवलेला.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. बांगड्या वाजत होत्या.

"गिळा आता गार व्हायच्या आत," अंजना म्हणाली. "आन् त्यो पाट सरकवा तिकडं. सारखं मधी मधी. दोन वरसं एकटं राहून काय पण सवयी लावून घेतल्यात."

एक माणूस हसला. मग गुणगुणायला लागला. ते गाणं माझ्या वडिलांचं, मेंढरामागं चालताना म्हणायचे ते. मला चाल ओळखू आली. शब्द काही केल्या आठवेनात.

"अंजना," मी हाक मारली. "अंजे, मी हाय. बाहेर ये."

बांगड्या थांबल्या.

"कोण हाय?" ती म्हणाली. भ्यायलेली नव्हती. दारावर पाहुणा आल्यावर विचारतात तसं.

"कुणी न्हाई," तो माणूस म्हणाला. आपला आवाज मोबाइलवर ऐकला की आपल्याला परका वाटतो ना, तसा तो आवाज होता. "रोज जातोय त्यो हितनं. मान खाली घालून जातोय. तू जेव."

दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. त्यानं दोन्ही जोड उचलले आणि आत घेतले. दार लागलं.

मी उडी मारू शकलो असतो. गाडी माणसाच्या चालीनं जाते, म्हातारं माणूससुद्धा उतरेल. मी उतरलो नाही. मी माझ्या पायांकडं बघत बसलो. पेटीतलं प्रेत आलं, आणि गाडी उजेडातून उजेडात बाहेर पडली.

७

त्यानंतर मी किती फेऱ्या मारल्या, सांगता येणार नाही. दार दर वेळी बंद. कान देऊन ऐकलं तर जेवणाची भांडी वाजायची, कधी ती बोलायची, कधी तो हसायचा. माझ्या डोक्यात एकच होतं, लाईट घालवायचे नाहीत. अंधारात ते वळण नाही. वळण नाही तर खोली नाही. मग अंजना कुठं असेल?

साडेदहाला नाना आले.

"सोमा, अजून लाईट चालूच? ओतूरची सहल आलीय, साठ पोरं गेटवर हायेत."

"वायरिंगचं काम हाय नाना. आज बंद ठेवू."

"कसलं वायरिंग? घालव लाईट."

"नाना," मी म्हटलं, "मी कामाला लागलो त्या दिवशी कसा व्हतो?"

नानांना वाटलं मी चेष्टा करतोय. "कसा म्हंजे? लई बडबड्या. सारखा गुणगुणायचास, डोकं उठवायचास. पहिल्या आठवड्यातच गप झालास, बरं झालं. कामाचा झालास." ते पोरांना आणायला गेटकडं गेले.

पहिल्या आठवड्यात. मी एकटाच गेलो होतो त्या फेरीला, लाईट लावून. एक गेला, एक आला. अनवाणी आला. त्याचं तोंड बघायला दारात कोणी नव्हतं. आणि घरी अंजनानं बघितलं होतं. रोज म्हणत होती, चहावरून, गाण्यावरून. लई बदललात म्हणत होती, आणि मी तिलाच वेड्यात काढत होतो.

चौदा वर्षांतली बारा त्याची होती. माझी दोनच. तरी ती दोन वर्षं मी तिच्यावर जीव लावला होता, हे कुणाला सांगू? तिच्या शिव्या मला पाहिजे होत्या. पण ती आत होती, उंबऱ्याच्या आत, तिच्या नवऱ्याला जेवायला वाढत होती, आणि तिला बाहेर बोलावणारा मी कोण?

ती दुसरी, काल गाडीतून बाहेर आलेली, चहा घेऊन आली. पॅनलपाशी माझ्या शेजारी उभी राहिली. तिकडून पोरांचा गलका येत होता, नानांच्या शिट्ट्या येत होत्या.

"घालवा की लाईट," ती म्हणाली. "आपलं काय हाय आत?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. वडिलांनी सांगितलं होतं तसं नीट, न घाबरता, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तीही माझ्याकडं तसंच बघत होती. अंजनाच्या नजरेत दोन वर्षं एक शंका असायची, ती मला तिचा स्वभाव वाटायची. हिच्या नजरेत शंका नव्हती. हिनं मला ओळखलं होतं.

मी लाईट घालवले. पहिली गाडी सोडली. साठ पोरं दोनदोननं मोजून आत घातली, सात वळणं झाली, साठ मोजून बाहेर काढली. आतून आलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडं मी बघत होतो, पण आत जाताना कोण कसं दिसत होतं, ते काही मी बघून ठेवलं नव्हतं.

मग चहा घेतला. गार झाला होता, लई गोड होता. मला तसाच लागतो.